पूररेषा नकाशात नको, भिंतीवर हवी

खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पुण्यात दोन तऱ्हेची माणसं घराबाहेर पडतात. काही जण भिडे पूल बुडालेला पाहायला जातात, काही जण पार्किंगमधली गाडी चढावर नेऊन लावायला. बातमी दोघांनी एकच वाचलेली असते: 'मुठा नदीपात्रात अमुक हजार क्युसेकने विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' पहिल्याला तेवढं पुरतं. दुसऱ्याच्या कामाचं त्या ओळीत काहीच नसतं. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय? नुसती गाडी हलवायची, की तळमजल्यावरच्या आजींना उचलून वर न्यायचं, की गॅस आणि मेन स्विच बंद करून, कागदपत्रांची पिशवी घेऊन धायरीच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला जायचं? पाणी पायरीला लागणार, गुडघ्यापर्यंत येणार की ओट्यावरचा मिक्सर बुडवणार, हे त्याला कुणी सांगत नाही.

पुण्याच्या पुराचा प्रश्न मला इथे अडलेला दिसतो. पात्रातला भराव, अतिक्रमणं, नदीकाठ सुधारणा, बदललेला पाऊस या सगळ्यांवर बोलायला हवं आणि बोललंही जातं. पण त्याआधी करता येण्यासारखी, स्वस्त आणि एका उन्हाळ्यात उरकणारी एक गोष्ट आहे. नदीकाठच्या प्रत्येक सोसायटीच्या फाटकावर, प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी असलेल्या खांबावर, किती विसर्गाला पाणी कुठवर चढतं त्या रेषा रंगवा. वीस हजार क्युसेकची एक, पस्तीस हजारांची एक, साठ हजारांची एक, लाखाची एक, प्रत्येक वेगळ्या रंगाची. आणि पाणी सोडण्याची सूचना देताना त्या रेषेचं नाव घ्या.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. उन्हाळ्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांच्या दारात दहा हजार लिटरचे टँकर उभे असतात, तसले शंभर टँकर प्रत्येक सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत असं डोळ्यांपुढे आणलं तर त्या आकड्याचा धाक कळतो. तरीही पाणी माझ्या घरात शिरणार का, हे त्यातून कळत नाहीच. त्यासाठी पात्राची रुंदी, खोली, उतार, पुलांचे खांब, मधे टाकलेला राडारोडा, संगमाशी मुळेचं पाणी किती फुगलंय, एवढं सगळं हिशेबात घ्यावं लागतं. हा हिशेब रात्री अकरा वाजता मोबाइल हातात घेऊन बसलेल्या माणसाने करायचा नसतो. तो करणारे अभियंते सरकारी पगारावर आहेत आणि त्यांनी तो केलेलाही आहे. पूररेषा त्यातूनच येतात.

निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर जिथवर पोचेल ती हद्द. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. जलसंपदा विभाग त्या ठरवतो, महापालिका विकास आराखड्यावर उतरवते. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक धरून आखली आहे, लाल रेषा एक लाख. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे जोतं पूरपातळीच्या वर घेऊन परवानगी, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे या शहरातल्या कुठल्या उंबऱ्याला कधी पाणी लागणार याचा अंदाज कागदावर तयार आहे. आर्किटेक्टला तो माहीत असतो, बिल्डरला माहीत असतो, बांधकाम खात्याच्या टेबलावर असतो. ज्याच्या पलंगाखाली पाणी शिरणार आहे, त्याच्यापर्यंत तेवढा तो पोचत नाही.

अंदाज चुकतो आहे हेही भिंतीवर रेषा नसल्यामुळे लपून राहतं. २०२४ च्या २५ जुलैचं उदाहरण घ्या. त्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. खडकवासल्याचा विसर्ग वाढवत वाढवत सुमारे ३५ हजार क्युसेकवर नेला गेला. सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरी, विठ्ठलवाडी, निंबजनगर या भागांत लोक साखरझोपेत असताना पाणी शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं, माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. डेक्कनला पुलाच्या वाडीत हातगाडी हलवायला गेलेल्या तिघांचा पहाटे विजेचा धक्का बसून जीव गेला. मग पाणी सोडणाऱ्यांनी सांगितलं की आम्ही कळवलं होतं, शहर सांभाळणाऱ्यांनी सांगितलं की आम्हाला नीट कळवलं नव्हतं. दहा दिवसांनी, ४ ऑगस्टला, पुन्हा तेवढाच विसर्ग, पुन्हा तीच एकता नगरी, पुन्हा लष्कर.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. निळी रेषा साठ हजारांची. घरं बुडाली पस्तीस हजारांना. धरणाच्या खाली पडलेल्या पावसाचं, ओढ्यानाल्यांचं पाणी वाटेत मिळालं हे खरं, आणि ते मोजायलाच हवं. पण तफावत छोटी नाही. मग तीनच शक्यता उरतात. एक तर घरं निळ्या रेषेच्या आत बांधू दिली. किंवा रेषा आखल्यानंतर पात्र अरुंद झालं, भराव पडला, पाण्याची वाट चिंचोळी झाली. किंवा रेषाच चुकीची आखली. तिन्हीपैकी कुठलीही खरी असो, त्याला कुणीतरी जबाबदार आहे आणि त्याचं नाव फायलीत सापडेल. फाटकाच्या खांबावर जर पस्तीस हजारांची रेषा रंगवलेली असती, तर २५ जुलैच्या सकाळी पाणी त्या रेषेच्या किती वर चढलंय हे तिसरीतल्या पोरालाही दाखवता आलं असतं. आज त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज, सर्व्हे नंबर, नकाशाच्या प्रती आणि वकील लागतो.

त्या पुरानंतर काही दिवसांनी मी सिंहगड रस्त्याच्या त्या भागात गेले होते. पाणी ओसरलेलं होतं, वास ओसरला नव्हता. चिखल, पेट्रोल आणि भिजून आंबलेलं धान्य यांचा एकत्र वास. पार्किंगमध्ये दुचाक्या एकमेकींवर रेलून पडल्या होत्या. लिफ्ट बंद, पाण्याची मोटार जळलेली. जिन्याच्या कठड्याला दोरी बांधून एका काकूंनी कागद वाळत घातले होते, कपड्यांचे चिमटे लावून. मुलाची दहावीची गुणपत्रिका, विम्याची पॉलिसी, बँकेचं पासबुक पान पान सुटं करून. शाई बऱ्याच ठिकाणी पसरली होती. मी विचारलं, "काकू, पाणी सोडणार असल्याचा मेसेज आला नव्हता का?" त्या म्हणाल्या, "आला होता की. असे मेसेज दर पावसाळ्यात येतात गं. रस्त्यापर्यंत पाणी येतं तेवढं आम्हाला ठाऊक आहे, बघितलेलंय. त्याच्या पुढचं कोण सांगणार?"

त्याच सोसायटीच्या वॉचमनदादांची खोली पंपाच्या शेजारी होती. बायको, दोन मुलं. त्यांच्याकडे वाळत घालायला कागदही उरले नव्हते. पंचनाम्याला आलेल्या माणसाने फ्लॅटमालकांची यादी केली. दादांची खोली कुणाच्या नावावर नव्हती म्हणून त्यांचं नाव शेवटी, एका सभासदाने धरून बसल्यामुळे, वहीच्या कडेला लिहिलं गेलं. पुढे काय झालं ते मी विचारायला गेले तेव्हा ते कुटुंब तिथून निघून गेलेलं होतं. पुराची चर्चा आपण सोसायट्यांची म्हणून करतो. पण नदीकाठी सर्वांत खाली झोपतात ते वॉचमन, चहाच्या टपरीवाले, गोठ्यातले गडी, बांधकामावरचे मजूर. व्हॉट्सॲप ग्रुपवर ते नसतात. रंगवलेली रेषा वाचायला ग्रुपवर असावं लागत नाही.

इथे धरणावरच्या अभियंत्यांविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण पूर आला की पहिली शिवी त्यांनाच पडते. साखळीत चार धरणं आहेत. पानशेत १०.६५ टीएमसी (अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि या तिन्हींचं पाणी ज्यात उतरतं ते खडकवासला अवघं १.९७. चारही मिळून २९.१५. सर्वांत छोटं धरण सर्वांत खाली आणि शहराला सर्वांत जवळ. पस्तीस हजार क्युसेकने आवक सुरू झाली तर रिकामं खडकवासलासुद्धा सोळा तासांत काठोकाठ भरेल, आणि जुलैअखेर ते रिकामं नसतंच. दारं उघडावीच लागतात. 'आधीच थोडं थोडं सोडायचं होतं' असं म्हणणं सोपं आहे. याच पाण्यावर पुणं वर्षभर पितं आणि दौंड-इंदापूरची शेती उभी आहे. आधी सोडलं आणि पुढे पावसाने पाठ फिरवली, तर मार्चमध्ये पाणीकपातीवरून त्याच अभियंत्याला जाब विचारणारे आपणच असू. पाऊस किती पडेल हे तो ठरवत नाही. मात्र अमुक वाजता दार इतकं उघडणार, हे त्याच्या हातात असतं. आणि ते उघडल्यावर पाणी कुठवर जाईल हे सांगणं शासनाच्या हातात असतं.

मुंबईत दर वर्षी पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस जाहीर करते. तारीख, वेळ, लाटांची उंची. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडला तर हिंदमाता आणि मिलन सबवेचं काय होणार हे रिक्षावालाही सांगतो. पुण्याला समुद्र नाही. आपल्या नदीला येणारी भरती दरवाजे उचलल्यावर येते. चंद्राच्या ओढीने येणारं पाणी जर तारीख-वारासकट फुटांत सांगता येतं, तर बटण दाबून सोडलेलं पाणी का सांगता येऊ नये?

चेन्नईचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, त्यामुळे पूर हिवाळ्याच्या तोंडावर येतात. २०१५ मध्ये १ डिसेंबरला चेंबरंबक्कम तलावातून २९ हजार क्युसेकपर्यंत पाणी अड्यार नदीत सोडलं गेलं आणि काठच्या वस्त्यांत रातोरात पाणी शिरलं. विमानतळ अनेक दिवस बंद राहिला. पुढे कॅगने त्या विसर्गाच्या हाताळणीवर ठपका ठेवला. समुद्रकाठच्या त्या शहराचं दुखणं आणि डोंगरपायथ्याच्या आपल्या शहराचं दुखणं इतकं सारखं असावं, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. वरचा तलाव, मधली नदी, काठावर परवानगीने उभी राहिलेली घरं, आणि सूचनेत फक्त क्युसेक.

"पण तिथे घर घ्यायला सांगितलं होतं कुणी?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचा मला राग येतो. बँकेने कर्ज देताना कागद तपासले. मुद्रांक शुल्क सरकारने घेतलं. मिळकतकर महापालिका दर वर्षी घेते. या सगळ्या टेबलांवरून फाइल फिरली आणि एकाही टेबलावर घरं घेणाऱ्याला कुणी म्हटलं नाही की बाबा, नदी इथवर येते. नियमानुसार वागलेल्या माणसाला पूर आल्यावर मूर्ख ठरवायचं आणि परवानगी देणाऱ्याला विचारायचंही नाही, ही रीत मला मान्य नाही. पुलाच्या वाडीत किंवा पाटील इस्टेटच्या झोपडपट्टीत राहणाऱ्यांना तर निवड अशी कधी मिळालीच नाही. शहराला त्यांचं काम जवळ हवं होतं, घर मात्र नदीच्या काठावरच परवडत होतं.

रेषा रंगवायला खरा विरोध कुठून होईल हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरांच्या किमती उतरतील. हो, काही ठिकाणी उतरतील. आज ती उतरलेली किंमत पाणी आल्यावर राहणारा माणूस भरतो आहे, गाडीच्या इंजिनात, फ्रिजमध्ये, भिजलेल्या सर्टिफिकेटांत. उद्या ती विकणाऱ्याच्या हिशेबात दिसेल. विक्री करारात आणि महारेराच्या पानावर प्रत्येक इमारतीसमोर निळ्या-लाल रेषेपासूनची जागा आणि जोत्याची उंची छापली, तर नवा खरेदीदार निदान डोळे उघडे ठेवून सही करेल.

पण या युक्तिवादात एक बाजू दुखरी आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सगळी पुंजी घालून तिथे वन-बीएचके घेतला, त्यांच्या फाटकावर रेषा रंगवली की त्यांचा फ्लॅट विकला जाणार नाही. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला हाताशी असलेली एकमेव वस्तू कवडीमोल होईल. म्हणून अनेक सोसायट्याच या कल्पनेला नको म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. माझं उत्तर असं की रेषा ही त्यांच्यासाठी पुरावाही आहे. आज पुनर्विकासाची, स्थलांतराची, वाढीव चटईक्षेत्राची मागणी घेऊन ते गेले की त्यांना आश्वासन मिळतं, कारण त्यांचं नुकसान कुठे नोंदलेलंच नाही. सरकारने स्वतःच्या हाताने त्यांच्या भिंतीवर 'पस्तीस हजार क्युसेकला इथवर पाणी' असं लिहिलं, तर ते घर राहायला धोक्याचं आहे हे सरकारनेच कबूल केल्यासारखं होईल. मग पुनर्विकासात पहिला हक्क कुणाचा हे सांगायला वेगळा मोर्चा लागणार नाही. त्यासाठी रेषा आणि पुनर्वसनाचा निर्णय दोन्ही एकाच दमात झाले पाहिजेत. आधी रेषा आणि दहा वर्षांनी पुनर्वसन असं करून चालणार नाही, तो अन्याय होईल.

दुसरा आक्षेप घबराटीचा. रेषा पाहून लोक घाबरतील, अफवा पसरतील. अनुभव उलटा आहे. नेमकं माहीत नसतं तेव्हाच अफवा पसरतात, 'धरण फुटलं' असे मेसेज तेव्हाच फिरतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं जुनं धरणही टिकलं नाही. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण तगवून धरलं, म्हणून पाणी शहरात शिरलं ते दिवसा. ते काही तास मिळाले नसते तर किती जीव गेले असते याची कल्पना करवत नाही. जुन्या पेठांत काही भिंतींवर त्या पुराच्या पातळीची खूण अजून सापडते. त्या भिंतींशेजारी लोक राहिले, दुकानं चालवली, लग्नं लावली. खूण पाहून कुणी पेठ सोडून पळालं नाही. साठ वर्षांपूर्वीच्या पाण्याची पातळी सांगायला ज्या शहराला संकोच वाटला नाही, त्याने या वर्षी येऊ शकणाऱ्या पाण्याची पातळी सांगायला का कचरावं?

रेषा रंगवली म्हणजे सगळं झालं असं मी म्हणत नाही. सूचना वेळेवर आली नाही तर रेषा भिंतीवर तशीच राहील. धरणाची दारं रात्री-अपरात्री उघडतात, आणि मध्यरात्री दोन वाजता ट्विट वाचायला कुणी जागं नसतं. २०२३ मध्ये केंद्राने मोबाइलवर आपत्कालीन सूचनेची चाचणी घेतली होती. सगळ्यांच्या खिशात एकदमच तो कर्कश आवाज झाला होता, फोन सायलेंटवर असला तरी. ठरावीक टॉवरच्या टापूत, मराठीत संदेश पाठवता येतो हे तेव्हा सिद्ध झालं. मग मुठेच्या दोन्ही काठांसाठी तो राखून ठेवा: 'पहाटे चारपासून ३५ हजार. तुमच्या फाटकावरच्या पिवळ्या रेषेपर्यंत पाणी येईल. तळमजला रिकामा करा.' एवढाच संदेश. त्या जोडीला वस्त्यांत भोंगा. आणि अमुक रेषेच्या विसर्गाला त्या भागातली वीज कुठल्या डीपीवरून (वीजवितरणाच्या पेटीवरून) बंद करायची हे महावितरणने आधीच ठरवून ठेवलेलं असावं. पुलाच्या वाडीतले तिघे पाण्यात बुडून गेले नाहीत, विजेने गेले. पाण्याची पातळी आणि वीज बंद करण्याची वेळ यांची गाठ आधीच घातलेली असती, तर ती हातगाडी वाहून गेली असती, माणसं वाचली असती.

मदतीच्या नियमांनाही ही रेषा उपयोगी पडेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असल्याची अट गाजली होती. तिथे पाणी आठ-आठ दिवस उतरलं नाही, तरी लोक त्या अटीने चिडले. पुण्यातलं पाणी तर धरणाचं दार बंद झालं की काही तासांत उतरतं आणि संसार मात्र तेवढ्यातच संपतो. पाणी किती दिवस होतं यापेक्षा ते कुठवर चढलं यावर मदत ठरली पाहिजे. नोंदलेली पातळी असली तर पंचनामा करणाऱ्याच्या मर्जीवर काही राहणार नाही.

ओढ्यांचं वेगळं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाने आंबील ओढा फुगला, टांगेवाला कॉलनी आणि अरण्येश्वरात भिंती पडल्या, शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली. तिथे कुणी दार उघडलं नव्हतं, क्युसेक आधी सांगायची सोय नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, पावसाचा थेंब नसताना मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटून जनता वसाहत आणि दांडेकर पुलाच्या घरांत पाणी शिरलं होतं. ओढा तासाभराचीही फुरसत देत नाही. म्हणून तिथे रेषेसोबत पाणीपातळी मोजणारं यंत्र वरच्या अंगाला, कात्रजच्या तलावाजवळच बसवायला हवं, आणि खालच्या वस्तीत भोंगा त्याच यंत्राला जोडलेला हवा.

नदीकाठ सुधारणेच्या वादात मी इथे शिरत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ४४ किलोमीटर काठावर तट बांधल्याने पूरपातळी वाढेल असं पर्यावरणवाले म्हणतात, वाढणार नाही असं महापालिका म्हणते. दोघांच्या म्हणण्याचा निकाल लावायला रेषेइतकी सोपी कसोटी दुसरी नाही. काम होण्याआधी पस्तीस हजारांना पाणी कुठवर होतं आणि काम झाल्यावर कुठवर आहे, हे खांबावर दिसेल. पातळी वाढणार नाही याची ज्यांना खात्री आहे, त्यांनी तर सर्वांत आधी ब्रश हातात घ्यायला हवा. पात्रातल्या बांधकामाचे वाद या शहराला नवीन नाहीत. विठ्ठलवाडीपासून महामार्गाच्या दिशेने पात्रातून काढलेल्या रस्त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच बोट ठेवलं होतं. लवादापर्यंत जायला वर्षं लागली, हजारो रुपये लागले. खांबावरची रेषा पाहायला दारात उभं राहावं लागतं, बस्स.

मे महिन्यात दर वर्षी पावसाळापूर्व बैठका होतात. नालेसफाईचे आकडे दिले जातात, बोटी किती, पंप किती, नियंत्रण कक्षाचा नंबर कोणता, हे सांगितलं जातं. २०२४ च्या पुरात तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता, तेव्हा रात्री दोनला फोन करायला ओळखीचा माणूसही लोकांकडे नव्हता. मे महिन्यातल्या त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणखी एक ओळ चढवायची आहे: जलसंपदा विभागाने प्रत्येक विसर्गाची पातळी सर्व्हे करून द्यायची, महापालिकेने ती रंगवायची, दर पाच वर्षांनी आणि प्रत्येक मोठ्या पुरानंतर ती पुन्हा मोजायची. जिल्हाधिकारी हे आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख आहेत, दोन खात्यांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार त्यांच्याकडे २००५ पासून आहे.

तोवर काठावरच्या सोसायट्यांनी थांबायचं कारण नाही. २०२४ च्या पाण्याची चिखलाची रेघ कितीतरी जिन्यांत, मीटरच्या खोल्यांत अजून पुसट दिसते, पुढच्या रंगकामात ती जाईल. त्याआधी तिच्यावरून ऑइलपेंटची पट्टी ओढा. शेजारी लिहा: तारीख, पाणी चढलं ती वेळ, त्या वेळचा खडकवासल्याचा विसर्ग, जमिनीपासून किती फूट. फोटो काढून सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताला जोडा आणि ठरावासह क्षेत्रीय कार्यालयाला द्या, पोच घ्या. शेजारच्या दहा सोसायट्यांनी हेच केलं की पस्तीस हजारांची रेषा काठाकाठाने लोकांनीच आखलेली असेल, आणि सरकारी नकाशातली रेषा तिच्याशी जुळते का हे विचारायला प्रत्येकाकडे पोचपावती असेल.